हयातीचा दाखला

नोव्हेंबर लागला की आईला बँकेत न्यावं लागतं,
ती जिवंत आहे हे सांगायला.
अशोक चौकापर्यंत रिक्षा, पायरीवर माझा खांदा
आणि खिडकीतल्या पोराचं तेच वाक्य :
अंगठा ठेवा, आजी.

लागत नाही.
दुसरा ठेवा. तोही लागत नाही.
बावन्न वर्षं रोज हजार विड्या वळल्या,
पानांनी रेघा पुसून नेल्या.
पोरगं म्हणतं तेल लावा, मग म्हणतं पुसा,
यंत्राचा दिवा तांबडाच.
यंत्राच्या हिशेबात नरसव्वा कोंडा
नाही.

"मग हितं बसलंय कोण?" आई तेलुगूत विचारते.
अर्धी रांग हसते,
उरलेल्या अर्धीला हसलेले समजावून सांगतात.

मी विम्याच्या कचेरीत छत्तीस वर्षं
मरणाची कोष्टकं वाचली.
डावीकडे वय, उजवीकडे हजारातले किती जाणार.
नाव कुठल्याच रकान्यात नसतं,
म्हणून दुपारचा डबा जातो.

आई जन्मली तेव्हा या देशात सरासरी आयुष्य
तिशीच्या आसपास.
शाळेत मला वाटायचं, तेव्हाची माणसं
तिशी आली की उठून चालू लागत असतील,
गिरणीचा भोंगा झाल्यासारखी.

तसं नव्हतं.
आजीला नऊ झाली.
एक देवीत गेलं, दोन गोवरात, एक घटसर्पात,
एक नाव ठेवायच्या आधीच.
पाचांचं मिळून आयुष्य सहा वर्षं.
राहिलेले तीन मामा : अडुसष्ट, चौऱ्याहत्तर, एक्काहत्तर,
आणि आई, सत्त्याऐंशी, चालू.
बेरीज तीनशे सहा. नऊनं भागा.
चौतीस.

आमच्या घरात चौतिसाव्या वर्षी कुणीच गेलं नाही.

आईच्या दंडावर दोन गोल वण आहेत.
टोचणारा गल्लीत आला तेव्हा ती
सुताच्या ढिगामागे लपली होती म्हणे,
थोरल्या मामानं पाय धरून ओढून काढलं.
कोष्टकात मामाचा तो हात धरलेला नाही.

गेल्या महिन्यात माझ्या लेकीला मुलगी झाली.
सिव्हिलमधल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
ही शंभरी बघेल, काका.
मी मान हलवली. सवयीनं हिशेब सुरू झाला.
शंभर मे महिने, पंचेचाळीस अंशांचे, पुढे किती कोण जाणे.
पाचव्या दिवशी नळाला पाणी, तर शंभर वर्षांत किती हंडे?
चाळीस वर्षांची नोकरी, मग चाळीस वर्षांचं म्हातारपण
कोण पोसणार?
पायरी चढताना हिच्याजवळ खांदा कुणाचा?
बाळानं तेवढ्यात माझं बोट धरलं.
त्या एवढ्याशा अंगठ्यावरच्या रेघा
चष्मा न लावता दिसत नव्हत्या,
लावल्यावर
मोजता आल्या नाहीत.

आता खिडकीतलं पोरगं दुसरं यंत्र शोधायला आत गेलंय,
डोळ्यात बघणारं.
मला बाकावर एक गोष्ट सुचते.
आई आणखी एक वर्ष राहिली
तर नवांत वाटून प्रत्येकाला चाळीस दिवस येतात.
देवीतल्याला चाळीस. गोवरातल्या दोघांना चाळीस, चाळीस.
नाव न ठेवलेल्यालाही,
बारसं करून वर चार आठवडे उरतील एवढे.
हे गणित कुठल्याही कंपनीला चालणार नाही.
मी आईला सांगत नाही.
ती म्हणेल, मग पाचांचं रेशन पण आण.

पोरगं यंत्र आणतं. मोतीबिंदू काढलेला डोळा
आई ऐटीत मोठा करते.
हिरवा.

कागद येतो. ती तो उलटा धरते, मग मला देते :
काय लिहिलंय?
पुढच्या नोव्हेंबरापर्यंत तू आहेस, असं.
ती पोराकडे वळते.
"एवढंच दिलंस होय रे?"
आणि पेन्शनच्या अकराशे वीस रुपयांतली
दहाची फाटकी नोट
बदलून मागते.